भाषागट, उत्पन्नगट आणि इंटरनेटची वाढ : २०३५ पर्यंतच्या अंदाजाच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२६

हवे आहे ते असे : २०३५ पर्यंत दर वर्षी प्रत्येक मोठ्या भाषागटातले किती लोक इंटरनेट वापरत असतील आणि ते कोणत्या उत्पन्नगटातले असतील. तक्त्याची एक ओळ म्हणजे एक देश, एक भाषा, एक वर्ष. सगळी बेरीज याच ओळींवरून करायची. जागतिक आकडा आधी ठरवून तो भाषांत वाटायचा नाही.

पहिला प्रश्न व्याख्येचा. ‘इंटरनेट वापरणारा’ याचा अर्थ आयटीयूच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या मोजणीत असा : गेल्या तीन महिन्यांत कुठूनही, कोणत्याही उपकरणावरून ज्याने इंटरनेट वापरले तो. उपकरण स्वतःचे असण्याची अट नाही. जीएसएमए ही मोबाइल कंपन्यांची संघटना मोबाइल इंटरनेटचे वेगळे गणित मांडते. तिच्या हिशेबाने २०२३ अखेर ४.६ अब्ज लोक मोबाइल इंटरनेट वापरत होते. आयटीयूचा त्याच वर्षाचा तेव्हाचा आकडा ५.४ अब्ज होता. दोन्ही बरोबर आहेत, फक्त मोजलेली गोष्ट एक नाही.

जोडण्यांचे आकडे तर या तक्त्यात घ्यायचेच नाहीत. भारतात ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, नोंदीप्रमाणे मार्च २०२४ अखेर ९५.४४ कोटी इंटरनेट जोडण्या होत्या. त्यात एका माणसाची दोन सिमकार्डे दोनदा मोजली जातात आणि एकाच फोनवर चालवून घेणारे घरातले चौघे एकदाच. या दोन चुका एकमेकींना खोडतात असे कुणी म्हणते तेव्हा त्याला देश विचारावा. श्रीमंत देशात पहिली चूक मोठी असते, गरीब देशात दुसरी. त्यामुळे उत्पन्नगटांची तुलना हमखास वाकडी होते.

प्रत्येक आकड्याशेजारी चार रकाने सक्तीचे : स्रोत, व्याख्या, वयोगट, आकडा प्रसिद्ध झाल्याची तारीख. चौथा रकाना का, ते पुढच्या नोंदीत.

८ जानेवारी

आयटीयूच्या २०२४च्या वार्षिक अहवालात त्या वर्षी ऑनलाइन असलेले लोक ५.५ अब्ज, म्हणजे ६८ टक्के. २०२५च्या अहवालात ६ अब्ज, जवळपास तीन चतुर्थांश जग. हे दोन आकडे शेजारी ठेवले की वर्षभरात ५० कोटींची भर दिसते. पण २०२५च्याच अहवालात २०२४चा आकडा सुधारून ५.८ अब्ज केलेला आहे आणि खरी वार्षिक भर २४ कोटींच्या थोडी वर दिलेली आहे. म्हणजे दोन आवृत्त्यांचे आकडे एकत्र मिसळले तर वाढीचा वेग दुप्पट होतो. वाढीच्या अंदाजात वारंवार होणारी चूक हीच. ती सापडायलाही अवघड, कारण दोन्ही आकडे अधिकृत असतात.

नियम : मालिका नेहमी एकाच आवृत्तीतून उचलायची. जुन्या आवृत्त्या फेकायच्या नाहीत, वेगळ्या फोल्डरात तारखेसह ठेवायच्या. अंदाजाची मागे जाऊन चाचणी घेताना त्या लागतात. २०१४ पर्यंतच्या माहितीवर २०१९चा अंदाज तपासायचा असेल तर २०१४ साली हाताशी असलेलेच आकडे वापरायला हवेत. नंतर सुधारलेली मालिका वापरली तर प्रारूपाला भविष्य थोडे आधीच दाखवल्यासारखे होते आणि चाचणीचा निकाल उगाच चांगला येतो.

गोलाई हाही छोटा सापळा. ऑफलाइन लोक २०२४ मध्ये २.३ अब्ज, २०२५ मध्ये २.२ अब्ज. फरक १० कोटी दिसतो. पण ऑनलाइन भर २४ कोटी आणि जगाची लोकसंख्या वर्षाला सुमारे ७ कोटींनी वाढते, तेव्हा ऑफलाइन लोक सुमारे १७ कोटींनी घटले असणार. एका दशांशाला गोल केलेल्या आकड्यांची वजाबाकी करून पाच वर्षे पुढे ओढली तर ५० कोटी आणि ८५ कोटी इतकी तफावत पडते.

१४ जानेवारी

वयोगट जुळवणे. युरोस्टॅट या युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाचे सर्वेक्षण १६ ते ७४ वर्षांचे. चीनचे सीएनएनआयसी हे इंटरनेट माहिती केंद्र ६ वर्षांपासून पुढचे लोक मोजते, पण टक्का संपूर्ण लोकसंख्येवर काढते (डिसेंबर २०२४ : ११०.८ कोटी, ७८.६ टक्के). डीएचएस पद्धतीची, म्हणजे घरोघरी होणारी लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणे मुख्यतः १५ ते ४९. ठरावीक वयोगटाचा टक्का एकूण लोकसंख्येला लावला की गरीब देशाचा आकडा फुगतो, कारण तिथे मुलांचे प्रमाण मोठे असते.

रूपांतर असे. समजा एखाद्या देशात १५ वर्षांखालील मुले ४२ टक्के आहेत आणि १५ वर्षांवरील लोकांत वापर ३० टक्के. मुलांचा वापर शून्य धरला तर एकूण ०.५८ × ३० = १७.४ टक्के. मुलांचा वापर मोठ्यांच्या एक तृतीयांश, म्हणजे १० टक्के धरला तर १७.४ + ४.२ = २१.६ टक्के. तक्त्यात ३० नाही, १७ ते २२ हा पट्टा जातो. लोकसंख्या संयुक्त राष्ट्रांच्या २०२४च्या आवृत्तीतून, मध्यम पर्याय, वयोगटांसह.

‘कधी तरी वापरले आहे का’ आणि ‘गेल्या तीन महिन्यांत वापरले का’ हे प्रश्नही वेगळे. भारताच्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या ३३.३ टक्के स्त्रियांनी आणि ५७.१ टक्के पुरुषांनी कधी तरी इंटरनेट वापरल्याचे सांगितले. हा आकडा पातळी ठरवायला घेतलेला नाही. पण स्त्री-पुरुषांमधली दरी किती आहे हे त्यावरून कळते आणि तेवढ्यासाठी तो उत्तम आहे.

२१ जानेवारी

भाषांचा तक्ता. प्रकल्पाचा अर्ध्याहून जास्त वेळ इथेच जाणार हे गृहीत धरावे. आकड्यांचे गणित या कामापुढे सोपेच वाटते.

दोन तक्ते ठेवले, एकमेकांत कधीही न मिसळणारे. पहिला मातृभाषेचा : प्रत्येक माणूस एकदाच मोजला जातो, देशाची बेरीज १००. दुसरा येणाऱ्या भाषांचा : माणूस अनेकदा मोजला जातो आणि बेरीज १००च्या वर जाते. भारतात २०११च्या जनगणनेत इंग्रजी मातृभाषा सांगणारे सुमारे २.६ लाख होते. दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून ती सांगणारे १२ कोटींच्या वर. पाकिस्तानात २०२३च्या जनगणनेत उर्दू मातृभाषा असलेले ९ टक्क्यांच्या आसपास, पंजाबी सुमारे ३७ टक्के. पण शाळा, बातम्या आणि फोनवरचे टंकलेखन मोठ्या प्रमाणात उर्दूत. ‘उर्दूचे इंटरनेट वापरणारे किती’ याला म्हणून एक उत्तर नाही. तक्ता कोणता ते सांगितल्याशिवाय आकडा द्यायचा नाही.

दुसरी अडचण, भाषेची हद्द. २०११च्या जनगणनेत ‘हिंदी’ या शीर्षकाखाली ५२.८३ कोटी लोक आहेत. पण त्यात स्वतःची मातृभाषा ‘हिंदी’ अशीच सांगणारे ३२ कोटींच्या आसपास. उरलेल्यांत भोजपुरी सांगणारे सुमारे ५ कोटी, राजस्थानी अडीच कोटींच्या वर, छत्तीसगढी दीड कोटींच्या वर आणि आणखी पुष्कळ. मैथिली मात्र वेगळी मोजली जाते, कारण २००३च्या ९२व्या घटनादुरुस्तीने ती आठव्या अनुसूचीत आली. मोजणीच्या चौकटीत एवढा एक बदल झाला आणि एक मोठा गट बाहेर पडला. जगभर हेच दिसते. अरबी ही आयएसओ ६३९-३ या भाषासंकेतांच्या आंतरराष्ट्रीय यादीत एक छत्रीभाषा आहे, खाली अनेक स्वतंत्र संकेत. कुर्दीत कुरमांजी बहुतांशी रोमन लिपीत आणि सोरानी अरबी लिपीत. पंजाबीचे पूर्वेकडे गुरुमुखी, पश्चिमेकडे शाहमुखी.

निर्णय : तक्त्याच्या तळाशी सर्वात बारीक संकेत. त्यावर ‘गट’ हा वेगळा रकाना, लिपीसह. भोजपुरीला स्वतःची ओळ, गट ‘हिंदी परिवार’. वाचणाऱ्याला बारीक हवे तर बारीक, ठोक हवे तर ठोक. गट बदलला तर फक्त एक रकाना बदलायचा, सगळे गणित पुन्हा करायचे नाही.

तिसरी अडचण, जनगणनेचे वय. भारताची पुढची जनगणना २०२७ची. नायजेरियाची शेवटची २००६ची. काँगो लोकशाही प्रजासत्ताकाची १९८४ची! या तिन्ही देशांत इंटरनेटवर यायचे उरलेले लोक प्रचंड आहेत, म्हणजे जिथे अंदाजाची गरज सर्वात जास्त तिथेच पाया सर्वात जुना. आणि हिस्से स्थिर राहत नाहीत. भारतात २००१ ते २०११ दरम्यान हिंदी गट ४१.०३ वरून ४३.६३ टक्क्यांवर गेला, तेलुगू ७.१९ वरून ६.७० वर आला, तमिळ ५.९१ वरून ५.७०, मराठी ६.९९ वरून ६.८६. जन्मदरातला फरक हे यामागचे मोठे कारण. २०११चे हिस्से जसेच्या तसे २०३५ला लावणे हे म्हणून तटस्थ गृहीतक नाही. त्यात दक्षिणेकडच्या भाषा ठरून जास्त मोजल्या जातात.

केलेली सोय : मागच्या दोन जनगणनांमधला कल पुढे न्यायचा, पण दर दशकाला निम्मा करत. पूर्ण कल पुढे नेला तर जन्मदर सगळीकडे उतरत आहे हे विसरल्यासारखे होते. जिथे एकच जुनी जनगणना आहे तिथे प्रांतवार लोकसंख्येचे नवे अंदाज घ्यायचे आणि प्रांतातले भाषेचे हिस्से स्थिर ठेवायचे. शहराकडच्या स्थलांतराने हेही बिघडते. त्यासाठी अनिश्चिततेचा पट्टा रुंद केला, दुरुस्ती केलेली नाही.

२७ जानेवारी

वक्र. वापराचे प्रमाण एस आकाराने चढते यावर वाद नाही. वाद छताचा आहे, म्हणजे वापर शेवटी किती टक्क्यांवर थांबतो याचा.

एक हिशेब सगळ्यांनी हाताने करून पाहावा. एखाद्या देशात वापर चार वर्षांत २० वरून ३० टक्के झाला. लॉजिस्टिक वक्राला (मध्याच्या दोन्ही बाजूंना सारखा असलेला एस वक्र) छत १०० टक्के दिले तर वार्षिक वेग ०.१३५ येतो. छत ६० टक्के दिले तर ०.१७३. दोन्ही वक्र दोन्ही बिंदूंतून तंतोतंत जातात. पाच वर्षांनी पहिला ४६ टक्के सांगतो, दुसरा ४२. पंधरा वर्षांनी पहिला ७६, दुसरा ५६. म्हणजे जवळच्या अंदाजात छताने फारसे बिघडत नाही आणि लांबच्या अंदाजात जवळपास सगळे छतावरच ठरते. आणि ते छत वक्राचा मधला टप्पा ओलांडेपर्यंत आकड्यांतून कळतच नाही. सॉफ्टवेअर मात्र छताची किंमत चार दशांश स्थळांपर्यंत छापते. त्या दशांशांना काही अर्थ नाही.

म्हणून छत आकड्यांतून काढायचे नाही, बाहेरून द्यायचे. उच्च उत्पन्न देशांची सरासरी ९४ टक्क्यांवर आहे आणि काही आखाती देश १०० टक्के नोंदवतात. तान्ही मुले धरून १०० टक्के हे मोजणीच्या पद्धतीचे फळ आहे. छत ०.८५ ते ०.९८ या पट्ट्यातून, वयरचनेप्रमाणे : लहान मुले जास्त तिथे पट्ट्याच्या खालच्या बाजूला. १०० टक्के नोंदवलेल्या ओळी आधी छताच्या ०.९९ पटीवर आणायच्या, नाहीतर लॉगिट (प्रमाण भागिले उरलेले प्रमाण, याचा लॉग) अनंताला जाते आणि स्क्रिप्ट गपचूप ती ओळ वगळते. असे वगळलेले देश श्रीमंतच असतात, म्हणून निकालात दोष उत्पन्नगटाच्या अंगाने शिरतो.

लॉजिस्टिकशिवाय गॉम्पर्ट्झ हा दोन बाजूंना असमान असलेला एस वक्रही चालवला. लॉजिस्टिकचा वेग छताच्या निम्म्यावर कमाल होतो, गॉम्पर्ट्झचा ३७ टक्क्यांवर, आणि मग लांब शेपूट. स्वस्त स्मार्टफोन येताच पटकन चढलेले आणि नंतर रेंगाळलेले देश गॉम्पर्ट्झला जवळ बसतात. एकाची निवड न करता दोन्हींचे निकाल मिसळायचे ठरले, निम्मे-निम्मे.

३ फेब्रुवारी

वक्र काही गरीब देशांवर संशय यावा इतका छान बसतो. कारण साधे : त्या देशांत बहुतेक वर्षी सर्वेक्षण झालेलेच नाही. मधले आकडे आयटीयूने स्वतःच्या प्रारूपाने भरलेले आहेत. आपण वक्राला वक्र बसवत आहोत. उरलेली चूक लहान दिसते ती यामुळे, आणि तिच्यावरून काढलेला अनिश्चिततेचा पट्टा हास्यास्पद अरुंद होतो.

उपाय : मूळ मालिकेतल्या टिपा वाचून प्रत्येक ओळीला ‘सर्वेक्षण’ किंवा ‘अंदाज’ असा शिक्का. सर्वेक्षणाचे वजन १, अंदाजाचे ०.२५. ज्या देशात गेल्या दहा वर्षांत दोनहून कमी सर्वेक्षणे झाली आहेत त्याचा वेग स्वतंत्र काढायचा नाही. शेजारच्या, सारख्या उत्पन्नाच्या देशांच्या सरासरीकडे ओढायचा.

२०२०चा उंचवटा वेगळा हाताळला. महासाथीच्या काळात वापर एकदम चढला, पण तो वेग टिकणारा नव्हता. २०१९ ते २०२१ हा चढ वेगात धरला तर २०३०चा आकडा वर जातो. त्यामुळे २०२०पासून पातळीत एक कायमची पायरी आणि वेग आधीसारखाच, अशी मांडणी. प्रत्येक देशाला वेगळी पायरी दिली तर माहिती पुरत नाही. उत्पन्नगटाला एक पायरी पुरते.

१० फेब्रुवारी

उत्पन्नगट. जागतिक बँक दर १ जुलैला यादी नव्याने काढते. जुलै २०२५च्या यादीत अल्प उत्पन्न म्हणजे दरडोई १,१३५ डॉलरपर्यंत, निम्न-मध्यम ४,४९५ पर्यंत, उच्च-मध्यम १३,९३५ पर्यंत, त्यावर उच्च. आकडा ॲटलस पद्धतीचा, म्हणजे तीन वर्षांच्या विनिमयदराची सरासरी घेऊन काढलेला.

यादी हलते, आणि गटाची सरासरी देशांच्या येण्याजाण्याने बदलते. तीन सारख्या लोकसंख्येचे देश घ्या : वापर १२, २० आणि ४६ टक्के. सरासरी २६. तिसरा देश वरच्या गटात गेला आणि उरलेल्या दोघांत वापर दोन-दोन टक्के बिंदूंनी वाढला : १४ आणि २२, सरासरी १८. प्रत्येक देश पुढे गेला तरी गट आठ बिंदूंनी मागे. आयटीयूच्या २०२४च्या अहवालात अल्प उत्पन्न देशांचा वापर २७ टक्के आहे आणि २०२५च्या अहवालात २३. या दोन आकड्यांवरून ‘गरीब देशांत इंटरनेट घटले’ असा मथळा सहज होऊ शकतो. गटातली अदलाबदल आणि मागील आकड्यांची दुरुस्ती या दोन गोष्टी आधी वेगळ्या केल्याशिवाय तसे काही म्हणता येत नाही.

शिवाय देश पुढेमागेही होतात. इंडोनेशिया २०२०ला उच्च-मध्यम, २०२१ला पुन्हा खाली, २०२३ला परत वर. झांबिया २०२२ला अल्प उत्पन्नात आला, २०२३ला बाहेर पडला. व्हेनेझुएला २०२१पासून वर्गीकरणातच नाही.

नियम : कल दाखवायचा तर यादी गोठवलेली, जुलै २०२५ची. २०३५ला कोण कुठे असेल हे दाखवायचे तर हलती यादी, आणि उंबरठ्याच्या दहा टक्के आत असलेले देश ठळक खुणेसह. दोन्ही तक्ते एका पानावर छापायचे नाहीत.

१२ फेब्रुवारी

हलत्या यादीत एकट्या चीनची तपासणी. तो उच्च उत्पन्नाच्या उंबरठ्याच्या अगदी खाली आहे. तो वर गेला की उच्च उत्पन्न गटाची लोकसंख्या सुमारे १.४ अब्जांवरून २.८ अब्जांवर, म्हणजे दुप्पट. सीएनएनआयसीचा ७८.६ टक्के हा आकडा धरला तर गटाची सरासरी ९४ वरून ८६च्या आसपास उतरते. उच्च-मध्यम गट जवळपास निम्मा होतो. निम्न-मध्यम गटात भारताचे वजन असेच आहे. गटाच्या सरासरीशेजारी म्हणून गटातल्या मधल्या देशाचा आकडा नेहमी द्यायचा.

१८ फेब्रुवारी

देशाला उत्पन्नगट चिकटवला की त्या देशातले सगळे लोक सारखेच श्रीमंत ठरतात. भाषांच्या कामात हे चालत नाही. एका देशातल्या दोन भाषांच्या लोकांत उत्पन्नाचा फरक दोन देशांमधल्या फरकाइतका असू शकतो. म्हणून दुसरा मार्ग : देशाचे सरासरी उत्पन्न आणि गिनी गुणांक (विषमतेचे ० ते १ माप) यांवरून लॉग-नॉर्मल वितरण, म्हणजे ज्यात उत्पन्नाचा लॉग प्रसामान्य वितरणात बसतो ते.

सूत्र : गिनीत १ मिळवून निम्मे करा, त्या संभाव्यतेचा प्रसामान्य वितरणातला बिंदू घ्या, त्याला २च्या वर्गमुळाने गुणा. हा लॉग उत्पन्नाचा प्रमाण विचलनांक. गिनी ०.३६ असेल तर तो ०.६६, आणि मधल्या माणसाचे उत्पन्न सरासरीच्या ८० टक्के. गिनी ०.५० असेल तर ०.९५, आणि मधला माणूस सरासरीच्या ६३ टक्क्यांवर.

याचा थेट उपयोग परवडण्याच्या हिशेबात. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाचे उद्दिष्ट असे की प्राथमिक ब्रॉडबँड सेवा दरडोई मासिक उत्पन्नाच्या २ टक्क्यांखाली हवी. पण हे २ टक्के सरासरी उत्पन्नाचे. गिनी ०.५० असलेल्या देशात तीच किंमत मधल्या माणसाला ३.२ टक्के पडते आणि तळाकडून विसाव्या टक्क्यावरच्या माणसाला ७ टक्के. देश ‘उद्दिष्ट गाठले’ म्हणून नोंदला जातो आणि तळचा पाचवा हिस्सा बाहेरच राहतो. शिवाय दरडोई राष्ट्रीय उत्पन्नातला सगळा पैसा घरात येत नाही, तेव्हा प्रत्यक्ष भार यापेक्षा जास्तच.

सावधगिरी : काही देशांचा गिनी उत्पन्नाचा असतो (लॅटिन अमेरिकेत बहुधा), काहींचा खर्चाचा (भारतासह दक्षिण आशिया, आफ्रिकेतले बरेच देश). खर्चाचा गिनी सहसा कमी दिसतो. दोन्ही एका रकान्यात टाकले की लॅटिन अमेरिका आहे त्याहून विषम आणि दक्षिण आशिया आहे त्याहून समान वाटतो. प्रकार हा वेगळा रकाना केला.

किंमत हाच एकमेव अडसर नाही. जीएसएमएच्या त्याच २०२३ अखेरच्या हिशेबात ब्रॉडबँडचे जाळेच न पोचलेले लोक सुमारे ३५ कोटी आणि जाळे असूनही न वापरणारे ३.१ अब्ज. टॉवर मोजून अंदाज करण्याचे दिवस संपले आहेत. फोनची किंमत, वाचता येणे आणि स्वतःच्या भाषेत काही उपयोगाचे सापडणे, हे तिन्ही या ३.१ अब्जांत मिसळलेले आहेत. ते सुटे करायला देशपातळीची माहिती पुरत नाही.

२६ फेब्रुवारी

देशातल्या भाषांना वेगवेगळे प्रमाण देणे. सर्वात सोपा आणि सर्वात चुकीचा मार्ग म्हणजे देशाचे प्रमाण सगळ्या भाषांना सारखे लावणे. राजधानीची भाषा बोलणारे आणि डोंगरातली भाषा बोलणारे सारखेच ऑनलाइन आहेत असे त्यातून निघते.

डीएचएस पद्धतीच्या सर्वेक्षणांच्या अलीकडच्या फेऱ्यांत मातृभाषा आणि मुलाखतीची भाषा दोन्ही नोंदलेल्या असतात. मातृभाषाच घ्यायची. मुलाखत अनेकदा मोठ्या भाषेत होते आणि लहान भाषा त्यात विरघळतात. उत्पन्न विचारलेले नसते, घरातल्या वस्तूंवरून काढलेला संपत्ती निर्देशांक असतो. त्याच्या पाच भागांनुसार आणि भाषेनुसार वापराचे प्रमाण काढायचे. एखाद्या खान्यात ५० हून कमी लोक असतील तर शेजारच्या भागाशी जोडायचे.

मग हे प्रमाण देशाच्या अंदाजाशी जुळवायचे. गुणून जुळवू नये. समजा भाषा ‘अ’ ६० टक्के लोकांची, वापर ९० टक्के. भाषा ‘ब’ ४० टक्के लोकांची, वापर ६० टक्के. एकूण ७८. देशाचा २०३२चा अंदाज ९० आहे. ९० भागिले ७८ ने गुणले तर ‘अ’चा वापर १०३.८ टक्के! त्याऐवजी दोन्हींच्या लॉगिटमध्ये सारखाच अंक मिळवायचा, एकूण ९० होईपर्यंत. इथे तो अंक १.०३ निघतो : ‘अ’ ९६, ‘ब’ ८१. दरी ३० बिंदूंवरून १५ वर येते. वरचा गट छताला टेकत आल्यावर असेच होणार.

हे गृहीतक थोडे आशावादी आहे. मागचा गट त्याच वाटेने, फक्त उशिरा येतो असे त्यात धरलेले आहे. लिहिता न येणाऱ्यांच्या बाबतीत ते खरे ठरेलच असे नाही, म्हणून दुसरा पर्यायही चालवला : ‘ब’चे छत वेगळे, प्रौढ साक्षरतेच्या प्रमाणाला बांधलेले. आवाजावर चालणाऱ्या सेवा वाढल्या तर पहिला पर्याय खऱ्याच्या जवळ, नाहीतर दुसरा. अहवालात दोन्ही.

४ मार्च

मजकुराची भाषा हा घटक वाढीच्या समीकरणात घ्यावा का? घेतला नाही. डब्ल्यू३टेक्स या संकेतस्थळांची पाहणी करणाऱ्या सेवेच्या मोजणीत भाषा ओळखता आलेल्या संकेतस्थळांपैकी निम्म्याच्या आसपास इंग्रजी असतात आणि हिंदीचा वाटा नगण्य. पण ही संकेतस्थळांची गणती आहे. त्यात पाने, वाचक, व्हिडिओ, संदेश यांतले काहीच येत नाही. नवा वापरणारा ज्या ठिकाणी वेळ घालवतो ते या मोजपट्टीबाहेर आहे. शिवाय कारण आणि परिणाम दोन्ही दिशांनी वाहतात : वाचक आले की मजकूर येतो, मजकूर आला की वाचक. समीकरणात टाकला तर गुणांक चांगला दिसेल आणि त्याचा अर्थ काही निघणार नाही. स्वतंत्र परिशिष्टात तक्ता, बस.

१० मार्च

अनिश्चितता. प्रत्येक देशासाठी २,००० वेळा वेग, छत, पायरी आणि भाषांचे हिस्से त्यांच्या पट्ट्यांतून उचलून अंदाज चालवला. पहिल्या फेरीत देशांच्या चुका एकमेकांपासून स्वतंत्र धरल्या होत्या, आणि जगाचा पट्टा विश्वास बसणार नाही इतका अरुंद आला.

गणित सरळ आहे. २०० देश, प्रत्येकाची चूक ५ बिंदू, वजने सारखी. चुका स्वतंत्र असतील तर सरासरीची चूक ५ भागिले २००चे वर्गमूळ, म्हणजे ०.३५ बिंदू. देशादेशांतल्या चुकांत ०.३ इतका परस्परसंबंध असेल तर तीच २.७५ बिंदू. आठपट. आणि संबंध असतोच : चिपचा तुटवडा, स्मार्टफोनच्या किमती, डॉलरचा दर, महासाथ हे सगळ्यांना एकाच वेळी लागते. वजनेही सारखी नाहीत. भारत आणि चीन मिळून जगाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग, त्यामुळे २०० देश म्हणजे २०० स्वतंत्र साक्षी नव्हेत.

दुसऱ्या फेरीत तीन थरांची चूक : जगाची एक, उत्पन्नगटाची एक, देशाची एक. भाषांच्या बेरजा यातूनच काढायच्या. फ्रेंच, अरबी, स्वाहिली, इंग्रजी यांसारख्या अनेक देशांत पसरलेल्या भाषांचा पट्टा देशांच्या पट्ट्यांची बेरीज करून मिळत नाही. प्रत्येक फेरीत आधी बेरीज, मग टक्केवारीचे बिंदू, हाच क्रम. उलटा क्रम लावला तर पट्टा अवास्तव रुंद होतो.

ज्या भाषांचा पट्टा रुंद आला त्यांत वक्रामुळे आलेली रुंदी कमी आणि भाषेच्या हिश्श्यामुळे आलेली जास्त, हे घटक एकेक करून गोठवल्यावर दिसते. पैसा आणि वेळ मर्यादित असेल तर नव्या वक्रावर घालवू नये, जुनी जनगणना ताजी करण्यावर घालवावा.

१६ मार्च

जगाच्या बेरजेची हातचाचणी. २०२५चे ६ अब्ज, वर्षाला २४ कोटी याच वेगाने २०३० पर्यंत ७.२ अब्ज. संयुक्त राष्ट्रांच्या मध्यम पर्यायात तेव्हाची लोकसंख्या सुमारे ८.५७ अब्ज, म्हणजे ८४ टक्के. वक्र वरच्या वळणावर असल्याने वेग कमी होत जाणार, तेव्हा ही वरची मर्यादा समजावी. ओळीओळींतून आलेली बेरीज हिच्या वर गेली तर कुठे तरी आवृत्त्यांची मिसळ झालेली आहे असे धरून ८ जानेवारीच्या नियमापासून तपासणी सुरू करायची.

बाहेर जाणाऱ्या फाइली चार : मातृभाषेचा तक्ता, येणाऱ्या भाषांचा तक्ता, गोठवलेल्या यादीचा उत्पन्नगट तक्ता, हलत्या यादीचा. प्रत्येकात मधला आकडा आणि १० व ९० टक्क्यांचे बिंदू. दहा लाखांहून कमी लोकांच्या भाषांना वेगळा अंदाज नाही, फक्त गटाची बेरीज. कोणत्याही ओळीत दशांश नाही, टक्के पूर्णांकात, लोकसंख्या लाखांत.

पुढची फेरी १ जुलैनंतर, नवी उत्पन्न यादी आल्यावर. त्या वेळी आधी जुन्या यादीवर नवे आकडे चालवायचे, मग यादी बदलायची. दोन्ही एकदम बदलले तर फरक कशामुळे पडला हे सांगता येत नाही.